कीर्तीला चेहरा लागतो का? (चित्रं, पुतळे, फोटो आणि अर्थातच फ्लेक्स)

शाईपेन (धागाकर्ता)
एक खेळ करून बघा. टिळकांचं चित्र डोळ्यांसमोर आणा. आता पगडी काढा, उपरणं काढा, मिशा काढा. गांधीजींचा चष्मा काढा. बाबासाहेबांचा निळा सूट आणि हातातलं संविधान काढा. उरलेला चेहरा किती जण ओळखतील?

माझं म्हणणं असं की मोठ्या माणसाच्या चित्रात चेहरा दुय्यम. लोक ओळखतात ते सामान. शाळेची भिंत रंगवणाऱ्या पेंटरला नाकडोळे जमोत न जमोत, गोल चष्मा आणि टक्कल काढलं की काम फत्ते. स्वच्छ भारतच्या लोगोत तर नुसता चष्माच आहे, गांधीजी नाहीतच, तरी कोणाला अडलं का?

तर प्रश्न असे: "हा माणूस कीर्तिवंत आहे" हे दाखवायला चित्रकार, मूर्तिकार, फोटोग्राफर काय काय वापरत आले? आणि आधी माणूस मोठा होतो की आधी त्याचा फोटो? जुनं-नवं, आपल्याकडचं-परकं, सगळं चालेल. राजकारण नको, प्लीज.

टोपणनाव
पहिला!
(राजकारण नको म्हणता आणि शीर्षकात फ्लेक्स लिहिता. धन्य आहात.)

रंकाळा
त्या चष्म्याच्या लोगोबद्दल कोल्हापूरकर म्हणून सांगणं भाग आहे: तो आमच्या अनंत खासबारदारांनी केलाय. बाकी चालू द्या.

मंदाताई_नाशिक
शाईपेन, साफ असहमत. चेहऱ्याला किंमत नव्हती तर शक राजा नहपानाच्या नाण्यांचं काय करायचं?

आमच्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, १३,००० हून जास्त नाणी. सगळी क्षत्रप नहपानाची, त्याच्या चेहऱ्याची. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे पुन्हा मारलेत. म्हणजे नहपानाला हरवलं एवढ्यावर भागलं नाही, बाजारात फिरणारा त्याचा चेहरासुद्धा ठोकून काढायचा होता. चांदी तर तीच, वितळवूनही काम झालं असतं. पण वितळवल्यावर हरलेला माणूस दिसला नसता. या नाण्यावर ठशाखालून शत्रूचं नाक डोकावतंय आणि वर आपली खूण. याहून चांगली जाहिरात कोणती?

टोपणनाव
म्हणजे विरोधकाच्या पोस्टरवर आपलं पोस्टर चिकटवणे. दोन हजार वर्षांची परंपरा.

शाईपेन
मंदाताई, उदाहरण फर्मास आहे, पण ते माझ्याच बाजूचं आहे की! गौतमीपुत्राने त्या चेहऱ्यावर मारलं काय? स्वतःचा चेहरा नव्हे. चैत्य (कमानींची टेकडी) आणि उज्जैनी चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना वर्तुळं). खुणाच.

मंदाताई_नाशिक
कारण तयार नाण्यावर घाईत मारायला खूण सोपी. सातवाहनांची स्वतःच्या मुखवट्याची चांदीची नाणी आहेत की. घडवायला वेळ मिळाला की चेहराच घडवतात लोक.

खापरपणजोबा
सातवाहनांचा विषय निघालाच आहे तर नाणेघाट आठवला पाहिजे. घाटमाथ्याच्या लेण्यात मागच्या भिंतीला राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे ओळीने कोरलेले होते. वर ब्राह्मीत नावं: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. आज पुतळे गेलेत. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत. नावं मात्र वाचता येतात.

जागा कोणती निवडली बघा. कोकणातून जुन्नरच्या बाजारपेठेकडे जाणारी वाट, बाहेर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी घामाघूम होऊन तिथे टेकणार आणि समोर मालक मंडळी सहकुटुंब उभी. देवळात जाऊन दर्शन घ्या अशी भानगड नाही, रस्त्यातच गाठलंय. आजचा फ्लेक्सवाला टोलनाक्याजवळची जागा याच हिशेबाने निवडतो.

रेवदंडेकर
पणजोबा, तुमच्याकडे नावं आहेत, चेहरे नाहीत. माझ्याकडे त्याच्या उलट केस आहे. वीरगळ.

कोणत्याही जुन्या गावात शिवाराच्या कडेला, देवळामागे, वडाखाली उभे दगड असतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई सोडवताना झालेली मारामारी, वीर पडलेला. त्यावर अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्या वर वीर शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर सूर्य-चंद्र, म्हणजे आचंद्रसूर्य कीर्ती राहील. गोष्ट सगळी कळते. पण कोण हा माणूस? आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. चेहरेही एकाच घाटाचे, दहा गावांतले वीर भाऊ-भाऊ दिसतात. त्या गावाला नाव लिहायची गरजच वाटली नसणार, सगळ्यांना ठाऊक होतं. मग ठाऊक असणारे गेले.

मुंबईकरांनी बोरिवलीजवळच्या एक्सरचे वीरगळ जरूर बघावेत. त्यांवर चक्क नौकायुद्ध आहे, वल्ह्यांच्या नौकांची रांग. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या लढाईशी त्यांचा संबंध जोडतात. मेलेल्या शिपायांचा दगड शिल्लक आहे आणि आसपासच्या सोसायट्यांत राहणाऱ्या निम्म्या लोकांना तो कशाचा हे माहीत नाही.

नुसताच वाचक
आमच्या गावात वीरगळाला शेंदूर लावून त्याचा देव केलाय. नवसाला पावतो म्हणे. कीर्तीचं प्रमोशन झालं.

तिरकस
फ्लेक्सवर चेहरा आहे, नाव आहे, मोबाइल नंबर आहे. फक्त काय केलं ते नाही. रेवदंडेकरांच्या दगडावर फक्त काय केलं ते आहे. दोघांनी आपापसात वाटून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

सोलापुरी चटणी
फ्लेक्सला हसू नका राव. तो पूर्ण शास्त्रोक्त प्रकार आहे. वर डावीकडे गोलात वंदनीय, त्यांच्या शेजारी जरा लहान गोलात श्रद्धास्थान, मध्ये कंबरेपासून वर "भावी" साहेब, गॉगल आणि हात जोडलेले किंवा फोन कानाला. खाली शुभेच्छुकांची रांग, पासपोर्ट साइजची. ज्याने वर्गणी जास्त दिली त्याचा फोटो बोटभर मोठा. आमच्या गल्लीत एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक इतके झाले की वाढदिवस कोणाचा ते शोधावं लागलं.

आणि हे जहांगीराच्या दरबारात आधीच झालंय. बिचित्र नावाच्या चित्रकाराचं चित्र आहे, साधारण १६१५ ते १६१८ मधलं, सध्या वॉशिंग्टनला. बादशहा वाळूच्या घड्याळावर बसलाय आणि मागे सूर्य-चंद्राची भली थोरली प्रभावळ. समोर चार जण, वरून खाली: सूफी शेख, तुर्कांचा सुलतान, इंग्लंडचा राजा जेम्स, आणि अगदी खालच्या कोपऱ्यात हातात छोटं चित्र धरलेला बिचित्र स्वतः. बादशहा पुस्तक देतोय शेखला, राजे वाट बघताहेत. आता सांगा, हा फ्लेक्स नाही तर काय? बिचित्र म्हणजे आद्य शुभेच्छुक.

मंदाताई_नाशिक
बिचित्र आद्य शुभेच्छुक!! चहा सांडला माझा.

शाईपेन
सोलापुरी, प्रभावळ राहिलीच होती माझ्या यादीत. देवामागची उचलून बादशहामागे लावली. आता फ्लेक्सवर फोटोशॉपने किरणं काढतात.

लंडनस्थ
धागा छान रंगलाय. इकडची थोडी भर.

युरोपात कीर्तीलाच बाई करून रंगवायचे. पंख असलेली, हातात तुतारी. मूळ रोमन कवी व्हर्जिलकडे ती अशी गोड नाही, राक्षसीण आहे: अंगावर जितकी पिसं तितके डोळे, तितक्याच जिभा, तितकेच कान, पाय जमिनीवर आणि डोकं ढगात. सुरुवातीला लहान असते आणि पळता पळता वाढते. व्हायरल होणं दुसरं काय असतं? पुढच्या चित्रकारांनी तिचे डोळे-जिभा काढून सुंदर मुलगी केली. पण इथल्या नॅशनल गॅलरीत स्ट्रोत्झी या इटालियन चित्रकाराची कीर्ती आहे, तिच्या हातात दोन वाद्यं आहेत. एक सोन्याची तुतारी, एक साधं लाकडी. एक सुकीर्तीचं, एक दुष्कीर्तीचं. फुंकणारी बाई एकच. हे मला फार पटलं.

दुसरं, नाना फडणवीस. आपल्याला नानांचा लांबट, किडकिडीत चेहरा दिसतो तो जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारामुळे. तो १७९२ साली पुण्यात होता, पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील (म्हणजे राजदूत) मॅलेट याच्या ओळखीने. सवाई माधवराव आणि नाना यांचं त्याचं मोठं तैलचित्र इथे रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. त्याच सुमारास मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, तिथला गंगाराम तांबट अप्रतिम रेखाटनं करायचा. गंगारामची रेखाटनं आता अमेरिकेत येलमध्ये. नानांचा चेहरा शाळेतल्या पोरालाही माहीत, गंगारामचं नाव कोण घेतं?

डार्करूम
शेवटच्या ओळीला +१. आता फोटोबद्दल, कारण माझं पोट त्यावर आहे.

"आधी माणूस मोठा की आधी फोटो" याचं उत्तर १८५४ पासून गुंतागुंतीचं झालंय. त्या वर्षी पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेण्याच्या पद्धतीचं पेटंट काढलं. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढा आणि स्वस्त झाला. त्याआधी फोटो म्हणजे घरच्यांचा. आता दुकानात राजाराणी, नट्या, सेनापती यांचे फोटो विकायला आले. १८६० मध्ये लंडनच्या मेयॉलने व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचा असा संच काढला आणि त्यावर उड्या पडल्या. लोक घरच्या आल्बममध्ये आत्याच्या शेजारी राणी चिकटवू लागले. फॅन लोकांनी हिरोचे फोटो वहीत चिकटवायचा रिवाज तेव्हापासूनचा.

आता शाईपेनचा "सामान" सिद्धांत. त्याला दोन फोटो लावून बघू.

पहिला गांधीजींचा, चरख्यासोबतचा, मार्गारेट बर्क-व्हाइटचा. तो कुठे काढला माहितेय? पुण्यात! १९४६, दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र. आधी सूत कातायला शीक, मग फोटो काढ, असं तिला सांगण्यात आलं, आणि बाईंनी शिकूनही घेतलं. गांधीजींना झगझगीत उजेड नको, म्हणून मोजून तीन फ्लॅशबल्बची परवानगी. पहिले दोन फसले, तिसरा लागला. चित्रात चरखा पुढे आहे, काळाभोर आणि मोठा, आणि गांधीजी मागे कात्रणं वाचताहेत. म्हणजे शाईपेन म्हणतात तसंच, सामान पुढे आणि माणूस मागे. पण लाइफ मासिकाने आधी तो फोटो निसर्गोपचाराच्या लेखावर एवढासा छापला होता. तो मोठा झाला १९४८ मध्ये, हत्येनंतर. इथे मरण आधी आणि फोटो नंतर.

दुसरा चर्चिलचा. ३० डिसेंबर १९४१, ओटावा. यूसुफ कार्श फोटो काढणार, चर्चिलच्या तोंडात सिगार. कार्शने पुढे होऊन सिगार काढून घेतला, परत येऊन बटण दाबलं, आणि तो चिडलेला चेहरा मिळाला. अख्ख्या जगाने त्यात "हिटलरपुढे न झुकणारं इंग्लंड" पाहिलं. मुळात ती सिगार गेल्याची चिडचिड होती! इथे सामान काढल्यावर चेहरा अमर झाला, शाईपेनराव. बोला आता.

शाईपेन
बोलतो. कार्शचा फोटो लोकांनी चर्चिल म्हणून ओळखला कारण त्याआधी सिगारवाले हजार फोटो पाहिले होते. उधारीवर चाललंय ते.

डार्करूम
ही पळवाट झाली. उद्या म्हणाल मोनालिसाचंही सामान हरवलंय.

नुसताच वाचक
नोटेवरचे गांधीजी विसरलात. चरखा नाही, काठी नाही, फक्त हसरा चेहरा.

डार्करूम
@वाचक, चष्मा आहे पण. तो फोटोही १९४६ चाच, ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्याबरोबर उभे असतानाचा. नोटेसाठी लॉर्डसाहेबांना कापून टाकलं. १९९६ च्या मालिकेपासून तो आपल्या खिशात आहे आणि कोणी काढला ते माहीत नाही. जगातल्या सर्वाधिक छापलेल्या फोटोंपैकी एक असेल, आणि काढणारा निनावी.

चे गेव्हाराचंही तसंच. अल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० ला हवानातल्या शोकसभेत टिपला. मूळ फोटोत एका बाजूला दुसरा माणूस, दुसऱ्या बाजूला पामचं झाड. दोन्ही कापली तेव्हा "तो" चे तयार झाला. गाजला चे मारला गेल्यावर, १९६७ नंतर. कोर्दाने त्याचा मोबदला घेतला नाही, पण व्होडकाच्या जाहिरातीत वापरला तेव्हा मात्र दावा लावला. कात्री हे फार मोठं हत्यार आहे, कॅमेऱ्याइतकंच.

गिरगाव_टर्मिनस
आणि फोटोग्राफर होमाई व्यारावाला? मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेल्या. नेहरूंचा कबुतर उडवतानाचा फोटो त्यांचा. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. १९७० मध्ये कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच, नव्या फोटोग्राफरांची वागणूक बघवेना म्हणून. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, म्हणजे वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

रंकाळा
शिवाजी महाराजांच्या चित्राबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? एके काळी इब्राहिम खान नावाच्या भलत्याच माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून छापलं जायचं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३० च्या दशकात डचांकडचं चित्र पुढे आणलं तेव्हा तो घोळ मिटला. महाराजांच्या काळाच्या जवळची गोवळकोंडा शैलीतली चित्रं ॲमस्टरडॅमला आणि लंडनला आहेत. बाजूने दिसणारा चेहरा, टोकदार दाढी, तीक्ष्ण नाक.

पण आपल्या घरात जे चित्र असतं ते तिथलं नाही. शासनमान्य चित्र आमच्या जी. कांबळ्यांचं. कांबळे सिनेमाची पोस्टरं रंगवणारे! कोल्हापूरच्या पोस्टर पेंटरचा हात आहे त्या नजरेत. लांबून, मैदानाच्या पलीकडूनही नजर पकडली पाहिजे हे पोस्टरवाल्यालाच कळतं. संग्रहालयातल्या वीतभर चित्राला ते काम कधी पडलंच नव्हतं.

रेवदंडेकर
वा रंकाळा! पुतळ्यांत तेच काम आमच्या सासवण्याच्या करमरकरांनी केलं. पुण्यातला शिवाजी प्रिपरेटरी शाळेतला अश्वारूढ पुतळा, १९२८. नंतरचे किती अश्वारूढ पुतळे त्याची नक्कल आहेत मोजा. सासवण्याला त्यांच्या राहत्या घरात शिल्पांचं संग्रहालय आहे, अलिबागला आलात तर चुकवू नका. राजेमहाराजे सोडाच, तिथली कोळीण, म्हैस, कुत्रा बघा. बिनप्रसिद्ध लोकांची शिल्पं करताना माणूस किती मोकळा होतो!

सोलापुरी चटणी
पोस्टरवरून, चित्रकार एम. एफ. हुसेनसुद्धा मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. जन्म पंढरपूरचा, म्हणजे आमचाच जिल्हा. नोंद घ्यावी.

तिरकस
प्रत्येकाने आपापल्या जिल्ह्याचा फ्लेक्स लावून झाला असेल तर मूळ प्रश्नाकडे वळू या का?

चित्रकलेच्या बाई
मी वळवते. शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून वेशभूषा स्पर्धेचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात. शाईपेन यांचं म्हणणं तिथे शंभर टक्के लागू आहे. कार्डशीटची पगडी घातली की टिळक. पांढरी साडी आणि दोन वेण्या, लताबाई. दहा नंबरची निळी जर्सी, सचिन. पालक चेहऱ्याकडे बघतच नाहीत.

पण वर्गात उलटं होतं. मोठ्या मुलांना फोटोवरून व्यक्तिचित्र काढायला दिलं की ती आधी सामानच काढतात, टोपी, चष्मा, काठ सगळं झकास. मध्ये नाकडोळ्यांची जागा कोरी. तिथे येऊन थांबतात. मग मी सामान झाकते, कागद ठेवून, आणि फक्त चेहरा काढायला लावते. एका मुलाने असे बाबासाहेब काढले होते, फक्त डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. ना चष्मा नीट, ना सूट. तरी वर्गातल्या सगळ्यांनी ओळखले. जबड्यात काहीतरी होतं. तेव्हा "दुय्यम" हा शब्द मला मान्य नाही. अवघड आहे म्हणून लोक तो भाग टाळतात, एवढंच.

संसदेबाहेरचा बी. व्ही. वाघांचा बाबासाहेबांचा पुतळा (१९६७) बघा. बोट वर, हातात संविधान, सामान सगळं आहे. त्यावरून गावोगावी निघालेले पुतळे बघा. बोट आहे, पुस्तक आहे, सूट आहे, वाघांनी घडवलेला चेहरा मात्र वाटेत गळालाय. आणि तरीही त्या पुतळ्यासमोर उभं राहणाऱ्याला काही कमी पडत नाही, हेही खरं.

मंदाताई_नाशिक
बाई, फार सुंदर लिहिलंत.

गिरगाव_टर्मिनस
बाईंच्या मुद्द्याला जोडून गौतम राजाध्यक्ष. त्यांच्या फोटोंत नट्या असायच्या पण सिनेमा नसायचा. पार्श्वभूमी साधी, प्रकाश मऊ, नजर थेट. सामान जवळजवळ शून्य. तरी "ही मोठी व्यक्ती आहे" हे कळायचं. कशामुळे? मला वाटतं, त्या माणसाला आपल्याकडे कोणी बघतंय याची सवय झालेली दिसायची त्यात. आपण फोटोत अवघडतो, ती अवघडत नाहीत.

टोपणनाव
आधारकार्डाच्या फोटोत तीही अवघडली असतील. तिथे सगळे समान.

लंडनस्थ
व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणचा कॉमन मॅन राहिला की! चौकड्याचा कोट, धोतर, टक्कल, चष्मा. पुण्यात सिम्बायोसिसमध्ये त्याचा पुतळा, वरळीलाही. ज्याला नाव नाही, जो आयुष्यात एक शब्द बोलला नाही, त्याचे पुतळे. वीरगळानंतर निनावी माणसाला पुतळा मिळाला तो एवढाच असेल.

शाईपेन
लंडनस्थ, आणि तो ओळखू येतो कोटावरून. (थांबतो आता.)

बाईंचं कागद झाकण्याचं पटलं. "दुय्यम" मागे घेत नाही, पण "लोक टाळतात" हे जास्त नेमकं आहे. राजाध्यक्षांबद्दल गिरगाव_टर्मिनसचं निरीक्षण अजून डोक्यात फिरतंय, त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

नुसताच वाचक
खापरपणजोबा, नाणेघाटाला डिसेंबरात जायचं चाललंय. आई बरोबर आहे, गुडघे दुखतात. लेण्यापर्यंत जमेल का?

खापरपणजोबा
जुन्नरकडून या, गाडी माथ्यापर्यंत जाते. रांजण जवळच आहे. लेण्यासाठी घाटाच्या नळीत थोडं खाली उतरावं लागतं, दगडी पायऱ्या उंच-सखल आहेत, काठी ठेवा. वैशाखऱ्याकडून चढायचा विचार आईंसोबत करू नका. आणि जाताना सकाळची वेळ धरा, दुपारी सहली येतात. भिंतीवरचा लेख वाचायचा तर टॉर्च तिरका मारा, अक्षरं उठून दिसतात.

रेवदंडेकर
डिसेंबरात कोण कोण येतंय? मी येतो. बाई, तुम्हीही या, पोरांना घेऊन.